वचन नसलेले चलन

आपल्या खिशातील दहा, शंभर अथवा पाचशे रुपयांची कोणतीही नोट काढून पाहिली, तर तिच्यावर एक वाक्य छापलेले दिसते. धारकास इतके रुपये अदा करण्याचे मी वचन देतो, असा त्या वाक्याचा आशय असून त्याखाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची स्वाक्षरी असते. (एक रुपयाच्या नोटेवर हे वचन नसते, ती भारत सरकारची नोट असते व तिच्यावर वित्त सचिवांची सही असते.) भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला सर्वनामांकडे पाहण्याची खोड जडलेली असते, त्यामुळे या वाक्यातील 'मी' मला नेहमीच लक्षणीय वाटत आला आहे. त्या कागदाला स्वतःचे मोल जवळजवळ नाही. मोल आहे ते कोणी एक 'मी' कोणा एका धारकास शब्द देतो आहे, याला. पैसा म्हणजे दिलेला शब्द होय, ही समजूत आपल्या भाषेच्या अंगातही मुरलेली आहे. 'पत' हा शब्द आपण माणसाच्या अब्रूसाठी वापरतो आणि उधारीसाठीही. पतपेढी ही एकाच वेळी दोहोंची पेढी असते. इंग्रजीतील 'क्रेडिट' हा शब्द विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून निघाला, आणि ते क्रियापद व संस्कृतातील 'श्रद्धा' हे एकाच प्राचीन मुळाचे आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी गुप्तलेखनशास्त्राच्या अभ्यासकांमध्ये सातोशी नाकामोतो या नावाने लिहिलेला एक नऊ पानांचा निबंध प्रसृत झाला. ज्याच्यामागे कोणाचेच वचन नाही असा पैसा त्या निबंधात मांडला होता. बिटकॉइन हे त्याचे नाव. त्याला गव्हर्नर नाही, सावकार नाही, तिजोरी नाही, सही करणारा हात नाही. विश्वासाच्या जागी गणिती सिद्धता बसवावयाची, असा लेखकाचा उघड संकल्प होता. त्यानंतरच्या काळात या चलनाविषयी जे लिहिले-बोलले गेले ते बहुतांशी त्याच्या भावातील चढउतारांविषयी, झटपट श्रीमंतीविषयी आणि फसवणुकीविषयी. तो माझा विषय नाही. मला विचार करावासा वाटतो तो मूळ संकल्पाचा. माणसामाणसांतील व्यवहार कोणावरही विश्वास न ठेवता चालावेत, अशी रचना करता येते काय? आणि करता आली, तर ती करावी काय? पहिला प्रश्न तंत्रज्ञांचा आहे. दुसरा तुमचा-माझा आहे.

हा संकल्प सुचण्यास काळही तसाच होता. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतील जुनी वित्तसंस्था दिवाळखोरीत निघाली आणि जगभरच्या बँकांचे पाय लटपटू लागले. ज्यांनी लोकांच्या पैशांशी जुगार खेळला त्यांनाच सरकारांनी लोकांच्या करांतून सावरले. ३ जानेवारी २००९ ही बिटकॉइनच्या खातेवहीच्या पहिल्या पानाची तारीख होय. त्या पानात नाकामोतो यांनी लंडनच्या 'द टाइम्स'मधील त्या दिवशीचा एक मथळा गोवून ठेवला आहे. बँकांना दुसऱ्यांदा मदत देण्याच्या बेतात ब्रिटनचे अर्थमंत्री आले असल्याची ती बातमी होती. तारखेचा पुरावा म्हणून मथळा उपयोगी होताच. त्यात टोमणाही होता, असे बहुतेक जण मानतात. पुढे २०१३ मध्ये सायप्रसमध्ये जे घडले त्याने या टोमण्याला धार आली. बँक ऑफ सायप्रसमधील एक लाख युरोंवरच्या ठेवींपैकी ४७.५ टक्के रक्कम ठेवीदारांना न विचारता बँकेच्या भागभांडवलात वळवण्यात आली. अशा ठेवीदारापुढे जाऊन विश्वासाची थोरवी सांगावयास कोण धजेल? अविश्वास हा नेहमीच दुर्गुण असतो असे नाही; पुष्कळदा ते पोळलेल्या माणसाचे शहाणपण असते.

तथापि या कल्पनेचे मूळ २००८ च्या बरेच मागे जाते. डेव्हिड चॉम या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी १९८२ साली 'आंधळ्या सही'ची युक्ती मांडली. आत कार्बन कागद घातलेल्या बंद पाकिटावर बाहेरून सही करावी व ती आतल्या कागदावर उमटावी, तशी बँक एखाद्या डिजिटल नाण्यावर सही करते, पण आतले नाणे तिला दिसत नाही. पुढे ते नाणे खर्चून परत आले की बँक स्वतःची सही ओळखते. मात्र ते मुळात कोणाला दिले होते, हे तिला सांगता येत नाही. चॉम यांना भीती होती ती पाळतीची. माणूस काय विकत घेतो, कोणाला देणगी देतो, कोणत्या वैद्याकडे जातो, हे सर्व संगणकांतून जुळवता येईल आणि मग माणसाला अंतर्यामीचा असा कोपरा उरणार नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखले. त्यांच्या डिजिकॅश या कंपनीचे चलन १९९५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथील एका बँकेने आपल्या ग्राहकांना देऊ केले. १९९८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि तिच्याबरोबर ते चलनही संपले. असे होणे अटळ होते. डिजिटल नाणे म्हणजे शेवटी अंकांची एक मालिका; ती कितीही वेळा उतरवून घेता येते. एकच नाणे दोघांना दिले जाऊ नये म्हणून कोणीतरी मध्यभागी बसून प्रत्येक नाणे तपासावे लागे, आणि तो मध्यस्थ उठून गेला की सारेच बंद पडे.

चॉम यांच्या विचारांनी पेटलेली काही मंडळी १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात एकत्र आली. ती स्वतःला सायफरपंक म्हणवीत. मार्च १९९३ मध्ये त्यांच्यापैकी एरिक ह्यूज यांनी एक जाहीरनामा लिहिला. खाजगीपण आपल्याला कोणी सरकार वा कंपनी उदार होऊन बहाल करील ही आशा व्यर्थ आहे, ते ज्याचे त्याने संगणकाच्या आज्ञावली लिहून उभे करावयाचे, असा त्याचा गाभा होता. त्यांच्यात राज्यसंस्थाच नको म्हणणारेही होते. टिमथी मे यांचे लिखाण वाचताना तर मन दचकते. खंडणीचे आणि खुनाचेही बाजार यातून उभे राहतील हे त्यांना स्पष्ट दिसत होते, आणि तरी ते अडखळले नाहीत. या मंडळींच्या वर्तुळात पुढील दहा-बारा वर्षांत बरेच सुटे भाग तयार झाले. १९९७ मध्ये ॲडम बॅक यांनी नको असलेल्या टपालाला आळा घालण्यासाठी, पत्र पाठवणाऱ्या संगणकाला थोडे निरर्थक गणित करावयास लावण्याची योजना आणली. १९९८ मध्ये वेई दाय यांनी आणि त्याच सुमारास निक साबो यांनी अशा गणितालाच नाण्याचे मोल देण्याची कल्पना पुढे आणली. २००४ मध्ये हॅल फिनी यांनी तिचा एक चालता नमुना केला. नाकामोतो यांच्याकडून सर्वप्रथम दहा बिटकॉइन मिळाले ते याच फिनी यांना, १२ जानेवारी २००९ रोजी.

मला या सर्वांहून अधिक रस वाटतो तो आणखी दोघांच्या कामात. स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांचा १९९१ चा प्रश्न पैशाचा नव्हताच, कागदपत्रांचा होता. संगणकावरील दस्तऐवजाची तारीख मागेपुढे करणे सहज शक्य असते. मग अमुक लेख अमुक दिवशी होता हे सिद्ध कसे करावे? त्यांनी असे सुचवले की प्रत्येक दस्तऐवजाचा, बोटाच्या ठशासारखा, एक छोटा अंकठसा काढावा आणि त्यात आधीच्या दस्तऐवजाचा ठसाही मिसळावा. म्हणजे एक कडी बदलली की पुढची सारी साखळी बिघडेल. त्यांच्या कंपनीने १९९५ पासून असा एकत्रित ठसा दर आठवड्यास 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जाहिरातींत छापण्यास सुरुवात केली. लाखो घरांत गेलेला छापील अंक नंतर कोण बदलणार? नाकामोतो यांच्या निबंधाच्या शेवटी आठ संदर्भ दिले आहेत, त्यांपैकी तीन या दोघांच्या लेखांचे आहेत.

येथे पवित्र शास्त्राच्या वाचकाला यिर्मयाचा ३२ वा अध्याय आठवल्यावाचून राहत नाही. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना यिर्मया अनाथोथ येथील शेत आपला चुलतभाऊ हनामेल याच्याकडून सतरा शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतो. खरेदीखताच्या दोन प्रती होतात, एक मोहरबंद व एक उघडी. साक्षीदार सह्या करतात, आणि दोन्ही प्रती पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या पात्रात ठेवल्या जातात. उघडी प्रत वाचावयास आणि मोहरबंद प्रत, उघडीत कोणी फेरफार केला तर, पडताळावयास, अशी ती प्राचीन पद्धत होती. बुद्धी तीच आहे. मात्र तेथे माणसांना नावे आहेत. विकणारा हनामेल, लेख सांभाळणारा नेरीयाचा पुत्र बारूख, आणि पहारेकऱ्यांच्या चौकात बसलेले, ज्यांनी हे सर्व डोळ्यांनी पाहिले ते यहूदी. उद्या तंटा झाला तर कोणाला हाक मारावयाची हे सर्वांना ठाऊक होते.

नाकामोतो यांनी हे सारे धागे एकत्र विणले आणि साक्षीदारांची नावे काढून टाकली. खातेवही एका पेढीत न ठेवता तिची संपूर्ण प्रत ज्याला हवी त्याच्याकडे राहते. तिच्यातील प्रत्येक पानाला ब्लॉक म्हणतात. नवे पान लिहिण्याचा अधिकार कोणाला, हा खरा पेच होता. मतदान घ्यावे तर एकच माणूस हजार खोटी नावे धारण करून हजार मते देईल. म्हणून अधिकार नावाला न देता श्रमाला देण्यात आला. जगभरचे संगणक अशी एक संख्या शोधत असतात, की जी पानाला जोडली असता पानाचा अंकठसा ठरलेल्या मर्यादेखाली येतो. ती युक्तीने सापडत नाही; एकामागून एक संख्या लावूनच पाहावी लागते. सापडली की ती बरोबर आहे हे मात्र कोणालाही क्षणात पडताळता येते. साधारण दर दहा मिनिटांनी ती कोणाला तरी सापडते; तो नवे पान जोडतो आणि मोबदला म्हणून नवी नाणी घेतो. हा मोबदला आरंभी ५० नाण्यांचा होता, दर २,१०,००० पानांनंतर तो निम्मा होत जातो, आणि एप्रिल २०२४ मध्ये तो ३.१२५ वर आला. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढे कधीच जाणार नाहीत. प्रत्येक पानात आधीच्या पानाचा ठसा असल्याने जुने पान बदलू पाहणाऱ्याला त्यापुढची सर्व पाने तितक्याच श्रमाने पुन्हा लिहावी लागतात, आणि तोवर बाकीचे जग पुढे निघून गेलेले असते. कधी दोन वह्या निघाल्याच, तर जिच्यात अधिक श्रम साठले आहेत ती खरी मानावयाची.

एवढे करून लेखक स्वतःही निघून गेला. एप्रिल २०११ मधील काही खाजगी पत्रांनंतर नाकामोतो यांचा मागमूस नाही, आणि ते कोण होते याचा निर्णायक पुरावा आजवर पुढे आलेला नाही. इब्री लोकांस पत्र कोणी लिहिले हे न कळताही आपण ते वाचतो, तसेच येथे म्हणावे लागेल. पण या अदृश्य होण्याला रचनेत अर्थ होता. ज्याला पकडता येईल, धमकावता येईल वा विकत घेता येईल असा कोणी मुख्य उरू नये.

ही रचना माणसाकडून सद्गुणाची अपेक्षा करीत नाही. ज्याच्या हाती प्रचंड संगणकबळ आहे त्यालाही वही खोटी करण्यापेक्षा नियम पाळून नाणी मिळवणे अधिक लाभाचे वाटेल, असा नाकामोतो यांचा हिशेब होता. १७८५ साली कांट या तत्त्वज्ञाने एका वाण्याचे उदाहरण दिले होते. तो वाणी अजाण मुलालाही योग्य भावानेच माल देतो, कारण तसे केल्याने गिऱ्हाईक टिकते. त्याचे वागणे कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्यबुद्धीतून आलेले नाही, असे कांटचे म्हणणे. नाकामोतो यांनी सर्व जग अशाच वाण्यांनी भरलेले आहे असे धरून चलन रचले. ही मनुष्यस्वभावाविषयीची निराशा आहे असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या उपासनामंदिरांतून मनुष्याच्या पतित स्वभावाविषयी जे सांगितले जाते, त्याच्याशी ती चांगलीच जुळते, हेही कबूल केले पाहिजे. फक्त या निराशेचे मोल विजेच्या रूपाने मोजावे लागते. जे काम एक इमानी कारकून एका साध्या संगणकावर करील, त्यासाठी बिटकॉइनचे यंत्रजाल वर्षाकाठी एखाद्या देशाच्या वीजवापराशी तुलना व्हावी इतकी वीज खर्च करते.

आता त्या निबंधाच्या पहिल्या पानाकडे वळू. माझ्या मते खरा नैतिक प्रश्न तेथे आहे. लेखकाचा युक्तिवाद असा. बँकांसारख्या मध्यस्थांना ग्राहकांचे तंटे सोडवणे चुकवता येत नाही. तंटा सोडवावयाचा तर झालेला व्यवहार उलटवण्याची सोय ठेवावी लागते. व्यवहार उलटू शकतो म्हणून खर्च वाढतो, लहान रकमा परवडत नाहीत, आणि विक्रेत्याला गिऱ्हाइकाचा संशय येऊन तो त्याची नको तितकी माहिती मागतो. यावर उपाय, व्यवहार मुळी उलटताच येऊ नये. याचा अर्थ नीट पाहावा. गाऱ्हाणे ऐकणारा कोणी नसावा, हा या रचनेचा अनवधानाने राहिलेला दोष नव्हे. तोच तिचा हेतू आहे.

आणि त्या हेतूमागे एक सत्य आहे, जे नाकारून चालणार नाही. लुबाडलेल्या विधवेला तिचे पैसे परत मिळवून देणारा हात आणि सायप्रसच्या ठेवीदाराचे पैसे काढून घेणारा हात, हा एकच हात असतो. वहीत दुरुस्ती करण्याची लेखणी ज्याच्यापाशी आहे तो दया करू शकतो, तसाच अन्यायही करू शकतो. नाकामोतो यांनी अन्यायाची भीती मोठी मानली, लेखणीच मोडून टाकली, आणि दयेवर पाणी सोडले. यालाही एक प्रकारची न्यायबुद्धी म्हणावे लागेल. राजा आणि रंक दोघांनाही सारखाच बहिरा असलेला न्यायाधीश.

या बहिरेपणाचा अनुभव अनेकांनी घेतला आहे. किल्ली म्हणून असलेले अंक हरवले तर नाणी वहीत कायम दिसत राहतात, पण ती हलवणे अशक्य होते. अर्ज करावयास कचेरी नाही. म्हणूनच बहुतेक लोकांनी किल्ल्या स्वतःजवळ ठेवण्याऐवजी त्या कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या स्वाधीन केल्या, आणि समोरच्या दाराने घालवलेला विश्वास मागच्या दाराने घरात आला. फेब्रुवारी २०१४ मध्ये जपानमधील माउंट गॉक्स ही पेढी बुडाली तेव्हा सुमारे ८,५०,००० बिटकॉइन नाहीसे झाल्याचे तिने सांगितले. त्यांपैकी सुमारे २,००,००० नंतर सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स कोसळली. तिचे संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड यांना मार्च २०२४ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. आपल्या देशात सरकारने २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर बसवला, चलन म्हणून मात्र तिला मान्यता दिली नाही. आणि रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ मध्ये सर्वसामान्यांसाठी प्रायोगिक स्वरूपात आणलेला ई-रुपया तर नेमक्या उलट तत्त्वावर उभा आहे, ज्यात वही आहे आणि तिचा धनीही आहे.

परंतु लेखणी खरोखर मोडली गेली होती काय? १५ ऑगस्ट २०१० रोजी आज्ञावलीतील एका चुकीमुळे कोणीतरी एका फटक्यात १८४ अब्जांहून अधिक बिटकॉइन निर्माण केले. मर्यादा तर २ कोटी १० लाखांची. काही तासांत नाकामोतो यांनी दुरुस्त केलेली आज्ञावली प्रसृत केली, लोकांनी ती स्वीकारली, आणि तो व्यवहार असलेली पाने टाकून देऊन वही पुढे चालू झाली. ११ मार्च २०१३ चा प्रसंग याहून बोलका आहे. नव्या आवृत्तीच्या संगणकांनी मान्य केलेले एक पान जुन्या आवृत्तीच्या संगणकांनी नाकारले आणि एका वहीच्या दोन झाल्या. अधिक श्रम नव्या बाजूकडे होते. म्हणजे नियमानुसार तीच वही खरी. परंतु नव्या बाजूने गेल्यास असंख्य लोक वाऱ्यावर सुटतील, हे ओळखून जाणत्या मंडळींनी रातोरात विचारविनिमय केला, आणि नव्या बाजूच्या मोठ्या गटांच्या चालकांना मागे फिरण्याची विनंती केली. ते फिरले. प्रत्येक पानामागे २५ नाण्यांचा जो मोबदला त्यांनी मिळवला होता त्यावर त्यांनी उदक सोडले. त्यांना सक्ती करणारे कोणी नव्हते. कांटच्या वाण्याने त्या रात्री काय केले असते, याचा विचार मी अनेकदा केला आहे. पुढे आपले चलन टिकले तरच आपला धंदा, असा हिशेब त्यांच्या मनात असेलही. पण शब्दावर विसंबून तोटा पत्करणे हे त्यांनी केले, आणि विश्वासाशिवाय चालावयाचे ते चलन त्या रात्री त्यावर तरले.

मग २०१६ साल उजाडले. इथेरियम हे बिटकॉइननंतरचे चलन. त्याच्या वहीत करारही आज्ञावलीच्या रूपाने लिहिता येतात व ते आपोआप अमलात येतात. त्या वर्षी 'द डाओ' या नावाने असा एक सामायिक निधी उभा राहिला. सुमारे १५ कोटी डॉलर मोलाचे ईथर त्यात जमले. शब्दांतील स्पष्टीकरण आणि आज्ञावली यांत विसंगती आढळल्यास आज्ञावली प्रमाण, असे त्याच्या अटींतच नमूद होते. १७ जून रोजी कोणीतरी त्या आज्ञावलीतील एका फटीतून ३६ लाख ईथर बाहेर वळते केले. रक्कम लगेच उचलता येत नव्हती. काही आठवड्यांची मुदत होती. हल्लेखोराच्या नावाने एक पत्रही फिरले. ते त्याचेच होते हे सिद्ध झाले नाही, पण त्यातील मुद्दा बिनतोड होता. करार म्हणजे आज्ञावली असे तुम्हीच म्हटले, आणि आज्ञावलीने जे करू दिले तेच मी केले. मग ही चोरी कशी? अक्षर आणि आशय यांतील हा झगडा भाषांतरकाराला रोजचाच. लिहिलेले काय आणि म्हणावयाचे काय होते, यांत अंतर पडले तर कोणाचे ऐकावे? भाषेच्या बाबतीत आपण लेखकाच्या हेतूकडे जातो. येथे हेतूला स्थानच ठेवलेले नव्हते.

वाद पाच आठवडे चालला. शेवटी इथेरियमचे जनक व्हिटालिक ब्युटेरिन यांच्यासह बहुसंख्यांनी ठरवले, की वहीत हात घालावयाचा. २० जुलै २०१६ रोजी ती रक्कम मूळ गुंतवणूकदारांना परत घेता येईल अशा खात्यात वळवण्यात आली. अल्पसंख्यांनी हे मानले नाही. चोर हा चोरच, हे त्यांनाही मान्य होते. पण आज चोराविरुद्ध वही बदलली, तर उद्या एखाद्या सरकारच्या हुकमावरून का बदलणार नाही, असे ते विचारीत. त्यांनी जुनी वही तशीच पुढे चालवली.

भोळ्या गुंतवणूकदाराला त्याचे पैसे मिळाले, यात मला आनंदच आहे. चोरीचा माल परत करणे हा न्याय आहे आणि तो न करण्यासाठी यंत्राची सबब पुढे करणे मला पटत नाही. तथापि नोव्हेंबर २०१७ मध्ये काय झाले तेही पाहावे. पॅरिटी या नावाच्या एका आज्ञावलीतील दोषामुळे ५ लाखांहून अधिक ईथर कायमचे अडकून पडले. ते सोडवण्याचा प्रस्ताव २०१८ मध्ये पुढे आला. तो अमलात आला नाही. पहिल्या वेळी त्या काळच्या एकूण ईथरपैकी सुमारे सातवा हिस्सा 'द डाओ'त गुंतला होता आणि चळवळीतील कितीतरी धुरीणांचा पैसा त्यात होता. दुसऱ्या वेळी नुकसान थोड्यांचे होते. दया झाली ती बहुतांवर, थोड्यांच्या वाट्याला नियम आला. ज्या भीतीने लेखणी मोडावयाची ठरली होती, ती भीती लेखणी मोडल्याच्या घोषणेनंतरही खरी ठरली.

माझा आक्षेप येथे आहे. वहीत दुरुस्ती करण्याचा अधिकार या चलनांतून नाहीसा झालेला नाही. तो बिननावाचा झाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाता येते. ४ मार्च २०२० रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बँकेचे आभासी चलनांविषयीचे २०१८ चे परिपत्रक रद्द ठरवले, आणि ते करावयास लावणारे लोक याच चलनांचे व्यापारी होते. २०१७ च्या त्या थोड्या लोकांनी कोणाविरुद्ध दाद मागावी? ज्यांनी निर्णय केला त्यांची यादी नाही, सही नाही, 'मी' नाही. मे २०१९ मध्ये बायनान्स या पेढीतून सुमारे ७,००० बिटकॉइन चोरीस गेले तेव्हा अलीकडची पाने फिरवून घेता येतील काय, यावर तिच्या प्रमुखांनी काही जणांशी विचारविनिमय केला आणि मग तो विचार सोडून दिला. सोडला हे ठीकच झाले. पण असा प्रश्न कोणाला विचारावयाचा असतो, हे त्यांना ठाऊक होते आणि तुम्हाला-मला नाही.

२०१६ मध्ये वेगळ्या झालेल्या दोन्ही वह्या आजही चालू आहेत. एकीला इथेरियम म्हणतात, दुसरीला इथेरियम क्लासिक. १७ जूनची नोंद दोहोंतही आहे. एकीत पुढे काही पानांवर ती रक्कम परत वळवली गेली आहे, दुसरीत नाही.